नशीब म्हणून सोसणं आणि ख्रिस्ती आशा: दिसायला सारखं, पण एक नाही

गावात कोणाच्या घरी काही वाईट झालं की पहिलं वाक्य ठरलेलं असते, "देवाची मर्जी, आपल्या हातात काय आहे जी". हिंदू घर असो का ख्रिस्ती, वाक्य तेच. बोलणारा वाईट मनानं बोलत नाही, त्याला दुसरं काही सुचत नसते एवढंच. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हेच वाक्य विश्वास म्हणून खपून जाते. जी बाई रडत नाही, काही विचारत नाही, तोंड मिटून सोसते तिच्याबद्दल लोक म्हणतात "काय विश्वास आहे बाईचा", आणि जी देवाला जाब विचारते तिला समजवायला चार जण तिच्या घरी जातात. मला वाटते समजवायला जायचंच असेल तर पहिलीकडं जावं.

दोन्हीमध्ये माणूस सहन करतो, म्हणून गोंधळ होतो. नशीब मानणारा म्हणतो हे लिहिलेलंच होतं, बोलून काही होत नाही. आशा धरणारा म्हणतो हे वाईट आहे, देवालाही हे आवडत नाही, आणि हे असंच राहणार नाही. यातलं "देवालाही आवडत नाही" हे लोकांना पचत नाही, कारण सगळं देवच करतो असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असते.

बायबलमधली बेथानी गावची गोष्ट घ्या, योहान ११. लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले तेव्हा येशू आला. मार्था त्याला सरळ म्हणते, प्रभू, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. मागून मरीयाही तेच म्हणते. दोन्ही बहिणींची तक्रार एकच, आणि येशू कोणालाच "असं बोलू नये" म्हणत नाही. उलट थोड्या वेळात लाजरला उठवणार हे माहीत असूनही तो स्वतः रडला. मृत्यू ही त्याला नुसती देवाची मर्जी वाटली असती तर रडला कशाला असता?

ईयोबाचंही तसंच, मुलंबाळं, जनावरं, तब्येत सगळं गेलेला बायबलमधला माणूस. सांत्वनाच्या प्रार्थनेत पहिल्या अध्यायातलं वचन हमखास येते, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. वचन खरंच आहे, माझी काही तक्रार नाही, पण पुस्तक ४२ अध्यायांचं आहे आणि तिसऱ्याच अध्यायात हाच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो. ते कोणी वाचून दाखवत नाही. पुढं पानंच्या पानं तो देवाशी भांडतो, आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करायला पाहतात, तू काहीतरी केलं असशील म्हणून हे झालं म्हणतात. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर, ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत म्हणतो (४२:७). भांडणारा पास आणि देवाचे वकील नापास.

आता कारणाचा मुद्दा, कारण खरी गोम इथं आहे. नशीब मानलं की कारण शोधणं आलंच, मागच्या जन्माचं, बापजाद्यांचं, कोणाची तरी हाय लागली. ख्रिस्ती घरात शब्द तेवढे बदलतात, "कुठंतरी पाप लपलं असेल". पोरगं जन्मतः अधू असलं तर आईनं काय काय ऐकलं असते ते तिलाच माहीत. योहान ९ मध्ये शिष्यांनी नेमकं हेच विचारलं, हा जन्मापासून आंधळा आहे तर पाप कोणाचं, याचं का याच्या आईबापाचं? येशू म्हणाला याचंही नाही, आईबापाचंही नाही. मग थुंकीनं चिखल केला, डोळ्यांना लावला आणि शिलोह तळ्यात धुऊन ये म्हणून पाठवलं. लूक १३ मध्येही शिलोहातला बुरूज पडून १८ जण मेले ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का असं तो उलट विचारतो, आणि नाही म्हणतो. मग यवतमाळकडं २०१७ मध्ये बोंडं फोडली तर आतून गुलाबी अळी निघत होती, पऱ्हाटी उभी असून कापूस नव्हता, ती काय कास्तकारांच्या पापाची अळी होती? बीटी बियाण्याला ती अळी दाद देईनाशी झाली होती, ते कारण वावरातलं आहे.

मग वाट पाहायची म्हणजे करायचं काय? बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबानं यासाठी कास्तकाराचंच उदाहरण दिलं आहे (५:७), तो मोलाच्या पिकासाठी पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. तिकडं इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीच्या वेळी आणि शेवटचा मार्च-एप्रिलात दाणा भरताना, आपला हिशोब वेगळा, मृग बरसला की लावण, मग पावसानं दडी मारली की दुबार पेरणी. पण धीर तोच. आणि धीर धरणारा कास्तकार कधी रिकामा बसलेला पाहिला का तुम्ही? डवरणी करतो, निंदण काढतो, रात्री मचाणावर जागलीला जातो, रानडुकरं आली की डबे वाजवतो. पाऊस त्याच्या हातात नाही, बाकी सगळं आहे.

लूक १८ मधली विधवा तर मला थेट तहसीलवाली वाटते. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही, तरी ही रोज जाऊन उभी राहते, माझा न्याय करा, शेवटी तो वैतागून ऐकतो. आपल्याकडं नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला की त्या बाईची १ लाखाच्या मदतीची फाईल पात्र का अपात्र यावर अडकते, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं का सावकाराचं. तिला "देवावर सोड" म्हणणं सोपं आहे. येशूनं ही गोष्ट सांगितली ती नेहमी प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून, आणि त्यासाठी त्याला उदाहरण सापडलं ते कचेरीत चकरा मारणाऱ्या बाईचं.

पंडिता रमाबाईंकडं बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८२ मध्ये नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढं १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा आपलं नागपूरही त्यातच होतं, आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या, त्यातूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक कशी असते हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. म्हणून आईवडील मेले ते बरंच झालं असं कोणी म्हणेल का? अर्थ सापडला म्हणजे दुःख चांगलं ठरलं असं नाही. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

आशा कशाच्या जोरावर, हे मात्र स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर ती नुसती "सब ठीक होईल" होऊन बसते. ख्रिस्ती माणसाची आशा येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला यावर आहे, पुढचा हंगाम बरा येईल यावर नाही. वधस्तंभावर तोही ओरडला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि ती ओळ २२ व्या स्तोत्राची, म्हणजे विलापाचीच. उठल्यावरही हातावर खिळ्यांचे वण होतेच, थोमा या शिष्याला तेच दाखवले. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो की आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका. शोकच करू नका असं तो म्हणत नाही, हे आमच्या बऱ्याच पाळकांनी एकदा वाचावं.

चमत्कारवाल्या सभांबद्दल थोडक्यात. तेल लावा, विश्वास ठेवा, कर्ज फिटेल. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचा कायमचा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, एवढं पुरे.

आणि मन फारच खचलं असेल, रात्र-रात्र झोप नसेल, जीव नको वाटत असेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडं जायचं, मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. येशूनं चिखल लावून धुवायला पाठवलं तेव्हा आंधळा गेला ना चालत.

राहिला प्रश्न "का". ईयोबाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. देव वादळातून बोलला, पाऊस, गारा, रानगाढव, गरुड, सगळ्यांबद्दल बोलला, कारण सांगितलं नाही. पण शेवटच्या अध्यायात एक वचन आहे जे सांत्वनाच्या प्रार्थनेत मी अजून ऐकलं नाही (४२:११). भाऊबहिणी, ओळखीपाळखीचे सगळे त्याच्या घरी आले, त्याच्यासोबत जेवले, त्याच्या दुःखात सामील झाले, आणि प्रत्येकानं एक नाणं आणि एक सोन्याची अंगठी दिली. सोनं आजच्या भावात राहू द्या. बियाण्याची एक थैली आणि निंदणाला दोन दिवस चार बाया, एवढं मंडळीला जमते.