हत्तीपायाच्या रुग्णांसाठी: दाखवायला येताना पायाला लेप नको

"दरवर्षी सरकारी गोळ्या घेतो, तरी पाय उतरेना." नांदेडच्या आमच्या दवाखान्यात हे नेहमी ऐकायला मिळतं, म्हणून लिहूनच देतो.

या सरकारी गोळ्या, म्हणजे डीईसी आणि अल्बेंडाझोल, हत्तीपायाच्या कृमींच्या रक्तातल्या पिल्लांवर चालतात. डासांमार्फत रोग दुसऱ्याला होणं त्याने थांबतं. २००४ पासून देशात सामुदायिक मोहीम चालू आहे ती याचसाठी. त्यामुळे गोळ्या घ्यायच्याच. पण कृमींनी आधीच खराब केलेल्या रसवाहिन्या (अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) गोळीने दुरुस्त होत नाहीत. जुनी सूज पूर्ण जात नाही, ती वाढू न देणं मात्र जमतं.

सूज वाढते ती अटॅकमुळे. थंडी वाजून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) येतं. हे काम बहुतेक वेळा कृमींचं नसतं. कातडीच्या भेगेतून शिरलेल्या दुसऱ्याच जंतूंचं असतं. ती भेग बहुधा बोटांच्या बेचक्यात सापडते, चिखल्यांची.

आणि नेमका तोच पाय लेपाने माखून येतो. हळद, बिब्बा, शेकलेलं एरंडाचं पान. वाळलेली हळद भिजवून सोडवण्यात बराच वेळ जातो, बाहेर रांग खोळंबते, आणि एवढं करूनही पिवळ्या पडलेल्या कातडीवर लाली कुठवर चढलीय ते कळत नाही. बिब्ब्याने तर कातडी भाजते, फोड येतात, जंतूंना नवी वाट मिळते. घरच्या मोठ्यांनी मायेनेच लावलेलं असतं, पण कृपा करून लावू नका. अटॅक आला की शेक नाही, चोळणं नाही, पट्टी नाही. गार पाण्याची घडी ठेवा, पाय उंचावर घ्या आणि त्याच दिवशी या. अँटिबायोटिक दिलं तर ताप उतरला तरी कोर्स पुरा करा.

पहिल्या भेटीत आम्ही पाय इथेच धुऊन दाखवतो. "इंजेक्शन द्या न् मोकळं करा," असं काही जण म्हणतात. पण हे धुणं घरी रोज करायचं आहे, ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. साधं पाणी, अंगाचा साबण. मग मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. प्रत्येक बेचकीत कापडाचं टोक घालून ती कोरडी करायची. चिखल्या असतील तरच मलम. काळ्या रानात अनवाणी जाऊ नका.

टब, मग, टॉवेलचं किट सरकारी आरोग्य केंद्रात मिळत असेल तर तिथूनच घ्या, आमच्याकडे विकत घ्यायची गरज नाही. अंडवृद्धी असेल तर संकोच न करता सांगा, शस्त्रक्रियेने ती बरी होते. पायाची सूज दाबून ठेवणारी दाबपट्टी मात्र मापानेच घ्यावी लागते. ती बांधायला आम्ही घरच्या माणसालाही शिकवतो. मापासाठी सकाळी लवकर या, संध्याकाळपर्यंत सूज चढलेली असते.