राज्य आणि बिगर-राज्य घटक

जागतिक राजकारणात निर्णय घेणारे, अडवणारे किंवा घडवून आणणारे देश, संस्था, संघटना आणि गट. इथे ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक नव्हे, तर सार्वभौम देश. सोलापूरसारख्या सीमेलगतच्या जिल्ह्यात हे आधी सांगितलेले बरे. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारानुसार कायम लोकवस्ती, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता या राज्याच्या चार खुणा होत. संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य देश आहेत. तह करणे, व्हिसा देणे, सीमाशुल्क लावणे हे अधिकार राज्याचे.

रेड क्रॉस (१८६३), ॲम्नेस्टी इंटरनॅशनल (१९६१), बहुराष्ट्रीय कंपन्या, धर्मसंस्था आणि सशस्त्र संघटना हे बिगर-राज्य घटक. एकाच गोणीत भरले असले तरी त्यांचे आपसांत फारसे साम्य नाही. २००१ मध्ये अल-कायदाच्या हल्ल्यानंतर ‘नाटो’ या पाश्चात्त्य देशांच्या लष्करी संघटनेने सामूहिक संरक्षणाचे कलम (एका सदस्यावरचा हल्ला तो सर्वांवरचा) पहिल्यांदाच लागू केले, तेही कोणत्या देशाच्या नव्हे तर एका संघटनेच्या हल्ल्यामुळे.

दोहोंमधली रेघ किती पुसट असते, हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) यांच्या चरित्रातून दिसते. जन्म सोलापूरचा. १९३८ मध्ये भारताला स्वतःचे परराष्ट्र धोरण नव्हते; ते लंडनहून ठरे. जपानशी लढणाऱ्या चीनमधून कम्युनिस्ट सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली आणि काँग्रेसने लोकवर्गणी जमवून पाच डॉक्टरांचे पथक धाडले. म्हणजे मागणारा एका पक्षाचा सेनापती, पाठवणारा दुसरा पक्ष. कोटणीस पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. राज्यांनी त्यांना आपलेसे केले ते नंतर. मध्ये १९६२ चे युद्ध झाले, तरी चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटत आले आहेत. सरकारांचे बोलणे अडते तेव्हा असे नाव कामी येते.

व्यापारात मात्र बिगर-राज्य घटकाचा हात थेट बागेत पोचतो. सांगोल्याचे भगवा डाळिंब युरोपात जायचे तर कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची कमाल मर्यादा युरोपीय संघ ठरवतो आणि बागांची नोंदणी ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ‘अनारनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर होते. इथवर सरकारी कारभार. पण तिथल्या सुपरमार्केटना बहुधा ‘ग्लोबल गॅप’ या चांगल्या शेतीपद्धतींच्या मानकाचे प्रमाणपत्रही लागते. हे मानक कोणत्याही देशाचा कायदा नाही; किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ या नावाने ते सुरू केले. तरी कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला फवारले आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी केली, हे शेतकरी वहीत लिहितो ते या प्रमाणपत्रासाठी.

सरकारी नियम अन्यायाचा वाटला तर सरकार जागतिक व्यापार संघटनेत दाद मागू शकते. दुकानदारांच्या नियमाविरुद्ध कुठे जायचे? २००५ मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स या छोट्या देशाने आपल्या केळ्यांपायी हा प्रश्न संघटनेच्या समितीपुढे मांडला. त्यानंतर अनेक वर्षे चर्चा होऊनही गाडी ‘खासगी मानक’ म्हणजे काय, या व्याख्येवरच अडली.