पहिलं चामडं सालीनं कमावलेलंच का?

चामड्याचं काम शिकायला बसणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. व्हेज-टॅन, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं कमावलेलं चामडं घे, आणि दोन सुया घेऊन हातानं शीव. असं का, हे सांगितलं जातंच असं नाही. चामडं कमावण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात बदलली, त्यात या सल्ल्यांचं मूळ आहे.

कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर कडक होतं. म्हणून ते आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सैल करायचे, मग केस आणि आतलं मांस खरवडून काढायचं. त्यानंतर चुना काढून कातडं मऊ करण्यासाठी कुत्र्याची नाहीतर पक्ष्यांची विष्ठा वापरली जाई. तिच्यातली विकरं हे काम करत. शेवटी कातडी सालीच्या अर्काच्या हौदांत उतरत. कुठे ओकची साल, कुठे बाभळीची, कुठे हिरडा. हौदांचा क्रम महत्त्वाचा होता: आधी जुना, फिका अर्क आणि मग टप्प्याटप्प्यानं तेज. सुरुवातीलाच तेज अर्क लावला तर वरचा थर पटकन कमावला जातो, पुढचा अर्क आत शिरत नाही आणि गाभा कच्चा राहतो. आजही जाड पट्टा कापल्यावर कडेच्या मधोमध वेगळ्या रंगाची, कडक रेघ दिसली तर तो तुकडा घेऊ नये, वाकवल्यावर तिथेच तडकतो. जाड कातड्याला हौदांत वर्षभर किंवा त्याहून जास्त वेळ लागे.

हा वेळ कमी करण्याच्या धडपडीतून बाकी सगळं घडलं. १८०३ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं तुरट वनस्पतींवरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. कातात टॅनिन भरपूर असतं, हे त्यात त्यानं दाखवलं. सालीऐवजी तयार अर्क वापरण्याकडे कल वाढत गेला. खरी उलथापालथ क्रोमियमनं केली. १८५८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्नाप यानं क्रोमियमच्या क्षारांनी चामडं कमावता येतं हे मांडलं, १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झनं दोन टप्प्यांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिसनं ती एका टप्प्यावर आणली. महिन्यांचं काम दिवसांवर आलं. बुटांचा वरचा भाग, हातमोजे, पिशव्या हे सगळं क्रोमकडे, म्हणजे क्रोमियमनं कमावलेल्या चामड्याकडे गेलं. सालीचं चामडं तळवे, खोगीर, पट्टे अशा घट्टपणा लागणाऱ्या कामांपुरतं उरलं, आणि हातकाम करणाऱ्यांकडे.

हातकामाला ते का सोयीचं, याचं उत्तर कातड्याच्या तंतूंमध्ये आहे. टॅनिन तंतूंच्या मधल्या जागा भरून टाकतं, म्हणून असं चामडं ओलं करून दाबलं की दाबलेलंच राहतं. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक, ते परत फुगून येतं. ठसे उठवणं आणि कड घोटणं ही नवशिक्याची दोन आवडती कामं त्यामुळे सालीच्या चामड्यावरच जमतात. ठशासाठी स्पंजनं पाणी लावा आणि थांबा. रंग जवळजवळ मूळचा झाला पण हाताला गार लागतंय, ती वेळ बरोबर. आधीच ठोकलं तर ठसा पसरट उठतो आणि भरून येतो, उशीर केला तर उथळ राहतो. कडेलाही पाणी बेताचं: आधी कडेचे दोन्ही कोपरे हलके तासा, बोटानं ओलावा लावा आणि लाकडी घोट्यानं चमक येईपर्यंत घासा. पाणी जास्त झालं तर कड फुगून दोन्ही बाजूंना पसरते.

चामडं कुठलं ते ओळखायचं असेल तर रंग न दिलेल्या तुकड्याची कड बघा. क्रोमची आतून निळसर करडी असते, सालीची फिकट तपकिरी. उकळत्या पाण्यात छोटी पट्टी टाकली तर सालीची आक्रसून कडक होते, नीट कमावलेली क्रोमची फारशी बदलत नाही.

टॅनिनचा एक गुण मात्र नवशिक्याला रडवतो. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळा डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून काळी शाई होते तीच ही क्रिया. जुने कारागीर तिचा उपयोग मुद्दाम करत: सिरक्यात लोखंडाचा कीस मुरवून त्या पाण्यानं चामडं काळं करत. तुम्ही ओलं चामडं कापताना पातं कोरडं आणि स्वच्छ ठेवा, गंजका हातोडा जवळ ठेवू नका.

शिवणीचा इतिहास आणखी मागे जातो. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ मध्ये सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा बूट सापडला. गाईच्या कातड्याचा एकच तुकडा, छिद्रांतून चामड्याचीच वादी ओवून बांधलेला. आधी भोक, मग दोरा, हा क्रम तेव्हापासून कायम आहे. चांभार आरीनं भोक पाडत आणि युरोपात तर सुईऐवजी मेणाच्या दोऱ्याच्या टोकाला रानडुकराचा राठ केस जोडत. म्हणून खोगीरकामाच्या सुया आजही बोथट असतात. टोकदार सुई घेतली तर ती भोकातल्या दुसऱ्या दोऱ्यात घुसते आणि टाका अडकतो.

यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा मध्ये एकमेकांत अडकतो, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. दोन सुयांच्या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून आरपार जातात. एक बाजू झिजली तरी दुसरी धरून राहते. पाकिटासाठी १.२ ते १.५ मिमी चामडं, कडेपासून ३ मिमीवर रेघ आणि ४ मिमी अंतरानं भोकं पुरेत. दोरा ०.८ मिमीचा, मेण लावलेला, शिवणीच्या चौपट लांब. आरीचं पातं शंकरपाळ्याच्या आकाराचं असतं. ते रेषेशी तिरपं धरा. भोकांची टोकं एका ओळीत आली तर मधलं चामडं फाटतं.

खरेदीत जाडी औंसात सांगितली असेल तर एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी धरा. पूर्वी एक चौरस फूट चामड्याच्या वजनावरून जाडी सांगत, तिथून हे माप आलं. तीन-चार औंस पाकिटाला चालतं, पट्ट्याला आठ ते दहा.