कोळंबी शेतीतील रसायने

खाडीकाठच्या निमखाऱ्या तळ्यांत कोळंबी वाढवताना पाणी निर्जंतुक करण्यासाठी, नको असलेले जीव मारण्यासाठी आणि रोगराई आटोक्यात ठेवण्यासाठी वापरली जाणारी द्रव्ये. भारतात या शेतीचा सर्वांत मोठा विस्तार आंध्र प्रदेशात आहे. महाराष्ट्रात पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या खाड्यांलगत ती आढळते. १९९० च्या दशकात टायगर कोळंबीचा बोलबाला होता. २००९ मध्ये व्हेनामी या मूळच्या अमेरिकी जातीला व्यापारी परवानगी मिळाली. ती दाटीवाटीने वाढवता येते, आणि दाटी वाढली की रोग व औषधे दोन्ही वाढतात.

हंगामाआधी तळे सुकवून चुना टाकतात, त्याने मातीची आम्लता उतरते. पाणी भरल्यावर ब्लीचिंग पावडर, आणि मासे उरलेच तर चहाच्या बियांची किंवा मोहाची पेंड. पेंडेतील सॅपोनिन हे विषारी द्रव्य कल्ल्यांवाटे शिरून माशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. कोळंबीच्या रक्तात अशा पेशीच नसतात, प्राणवायू वाहणारे तांबेयुक्त प्रथिन रक्तद्रवातच विरघळलेले असते. म्हणून मासा मरतो त्याच पाण्यात कोळंबी तगते. पेंडेचे विष काही दिवसांत ओसरते. शेवाळ मारण्यासाठी घातलेल्या मोरचुदाचे तसे नाही. त्यातले तांबे नाहीसे होत नाही, गाळात साचत राहते, आणि कालवांच्या व खेकड्यांच्या डिंभांना (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना) ते थोड्या प्रमाणातही घातक असते.

१९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने पूर्व किनाऱ्यावरची तळी उद्ध्वस्त झाली. हा रोग विषाणूचा, त्यावर प्रतिजैविक मुळीच चालत नाही. तरीही धास्तीपोटी ती खाद्यात मिसळण्याची सवय काही ठिकाणी लागली. अशाने औषधांना न जुमानणारे जिवाणू तळ्यात पोसले जातात आणि पाण्याबरोबर बाहेर पडतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांवर बंदी आहे. त्यांचे अंश सापडत असल्याने युरोपीय संघाने २०१६ मध्ये भारतीय कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. ही तपासणी आवश्यकच आहे, पण ती परदेशी ग्राहकाच्या ताटाचे रक्षण करते. खाडीत सोडलेल्या पाण्यावर इतकी कडक नजर नसते, हा या व्यवस्थेतला खरा दोष आहे.

नुकसान केवळ औषधांचे नाही. खाद्यातील नत्राचा मोठा भाग कोळंबीच्या अंगी लागत नाही. तो विष्ठा व उरलेल्या खाद्यावाटे पाण्यात उतरतो. माल काढताना तळे रिकामे केले की हे सारे एकदम खाडीत जाते, शेवाळ माजते आणि ते कुजताना प्राणवायू घटतो. बहुतेक तळी लहान शेतकऱ्यांची आणि एकाच खाडीवर असतात. एकाने सोडलेले पाणी शेजारी उपसून घेतो, त्यासोबत रोगही येतो, मग शेजाऱ्यालाही औषधे ओतावी लागतात.

भूजल खारे होणे आणि शेती नासणे या तक्रारींवरून एस. जगन्नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारा नियमन क्षेत्रातील (किनाऱ्यालगतच्या निर्बंध असलेल्या पट्ट्यातील) सघन कोळंबी शेती हटवण्याचा आदेश दिला. त्यात नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पाहणी अहवालांचा मोठा आधार होता. पुढे २००५ च्या कायद्याने तटीय जलकृषी प्राधिकरण स्थापन झाले. नोंदणी सक्तीची झाली आणि मोठ्या प्रकल्पांना सांडपाणी शुद्धीकरण बंधनकारक ठरले, पण किनारपट्टीतील शेतीला कायद्याने पुन्हा वाटही मिळाली. पारंपरिक पद्धतीला न्यायालयाने आधीच वगळले होते. गोव्याच्या खाजणांत किंवा केरळच्या पोक्कळी भातखाचरांत भरतीबरोबर येणारी कोळंबी दारे लावून अडवतात. उत्पन्न थोडे, पण तिथे औषधाची पिशवी लागत नाही.