नक्षी शिल्लक म्हणजे टायर चांगलं? नाई बावा

आमच्या इकडं जिनिंगवर कापसाच्या गाड्या लागल्या की एक गोष्ट हमखास ऐकू येते, "नक्षी आहे ना अजून, मंग टायर काऊन बदलवतो?" जुन्या ट्रकचं ९.००-२० साइजचं टायर आता लवकर भेटतच नाई, त्याच्यामुळं कुठं गोदामात पडलेलं 'कोरं' टायर दिसलं की लोक डोळे झाकून उचलतात.

पण रबर नुसतं घासूनच संपत नाई, ऑक्सिजन, ओझोन, ऊन अन् गर्मीनं ते आतून कडक होते, गाडी उभी असली तरी, अन् आपल्या विदर्भाचा मे म्हणजे ४५ च्या वर पारा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या अंगावर, लांबुळक्या चौकटीत चार आकडे राहतात ते वाचा, त्यात टायर बनल्याचा आठवडा अन् साल राहते. २३१४ लिहिलं असलं तर २०१४ चा २३ वा आठवडा, म्हणजे ते 'कोरं' टायर कधीचंच म्हातारं झालं. मंग टायर जरासं वाकवून नक्षीच्या खाचेत अन् रिमजवळ पाहा, कोळ्याच्या जाळ्यावानी बारीक चिरा दिसल्या तर ते लोडाखाली नको. वरून नवीन नक्षीचं रबर चढवलं तरी आतलं केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, जुनंच राहते.

साइज भेटत नाई म्हणून मागच्या एका बाजूला लागून बसणाऱ्या दोन टायरच्या जोडीत एक १०.००-२० ठोकणारे बी आहेत! त्याची उंची अंदाजे ३ सेंटीमीटर जास्त, जास्त लोड त्याच्यावर येते अन् तेच आधी गरम होऊन फुटते. बदलवाचं तर मागचे चारही एका साइजचे, अन् रिमला बसते का ते आधी टायरवाल्याकडून पाहून घ्या.