इस्रायलमध्ये इंटर्नशिपला जाताय? पात्रता, व्हिसा, कागदपत्रं आणि परतीची वाट

१५ जून २०२५ च्या पहाटे इराणचं क्षेपणास्त्र रेहोवोत शहरातल्या वाइझमन विज्ञान संस्थेवर आदळलं. प्रयोगशाळांच्या इमारतींचं मोठं नुकसान झालं, अनेकांचे वर्षानुवर्षं जपलेले नमुने एका रात्रीत गेले. दर उन्हाळ्यात जगभरातले पदवीचे विद्यार्थी संशोधनाची उमेदवारी करायला जिथे येतात, तीच ही संस्था. आपल्याकडची मुलंही तिथे, हैफाच्या टेक्निऑनमध्ये, बीरशेबाच्या बेन गुरियन विद्यापीठात जातात आणि खूप काही शिकून येतात. जावं की नाही, हे मी कुणाला सांगत नाही. पण मुलांच्या फायली तपासताना एक गोष्ट सतत दिसते: व्हिसाची तयारी चोख असते, परतीची मात्र शून्य. म्हणून इथे दोन्ही एकत्र सांगतो.

पात्रता

बहुतेक ठिकाणी पदवीचं किमान एक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. गुणपत्रकं, एक-दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि कोणत्या प्रयोगशाळेत काय करायचं आहे याचं एक पान. इंग्रजी पुरतं, हिब्रू लागत नाही. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना तीन आठवडे आधी सांगा, आदल्या रात्री नको. एक गैरसमज इथेच दूर करतो. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या शिक्षणासाठी आहे, दोन महिन्यांच्या इंटर्नशिपला ती मिळत नाही. त्यामुळे विद्यावेतन किती, राहायची सोय कुणाची, विमानभाडं कुणाचं, हे निवडपत्रात लिहून आलेलं हवं. फोनवर सांगितलेलं धरू नका.

नाव जुळतंय का, ते आधी बघा

महाराष्ट्रातल्या मुलांची सगळ्यात जास्त अडचण इथे होते. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकीचं नाव वेगळं. मग मूल मार्कशीट बघून फॉर्म भरतं, तिकडची संस्था वडिलांचं नाव आडनाव समजून पत्र पाठवते, आणि व्हिसाच्या खिडकीवर पत्र एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. अर्जाच्या पहिल्या ईमेलपासून पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव लिहा.

पासपोर्ट अजून काढला नसेल तर ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये आहे, तात्काळसाठी आणखी २,००० रुपये. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत उरली पाहिजे आणि दोन-चार कोरी पानं असावीत. ही पानं कशासाठी, ते पुढे येईलच.

कोणता व्हिसा

भारतीयांना इस्रायलला जायला आधी व्हिसा काढावाच लागतो. महाराष्ट्रातल्यांचा अर्ज मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो. विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेत शिकायला जाणाऱ्यांसाठी ए-२ हा विद्यार्थी व्हिसा आहे. तो जास्तीत जास्त एका वर्षाचा असतो, पुढे तिथे वाढवता येतो, पण त्यावर बाहेर नोकरी करता येत नाही. स्वयंसेवी कामासाठी बी-४. एखाद्या कंपनीत पगारी इंटर्नशिप असेल तर बी-१, आणि त्याचा परवाना कंपनीने आधी तिथल्या लोकसंख्या व स्थलांतर प्राधिकरणाकडून काढायचा असतो. ‘आत्ता टुरिस्टवर या, पुढचं बघू’ असं कुणी म्हणालं तर त्या जागेचा नाद सोडा. पर्यटक व्हिसावर काम करताना सापडलात तर परत पाठवतात, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं.

फाइलमध्ये हे असू द्या: भरलेला आणि सही केलेला अर्ज, पासपोर्ट, फोटो, संस्थेच्या लेटरहेडवरचं निवडपत्र (तारखा, विभाग, मार्गदर्शकाचं नाव, विद्यावेतन), कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र, खर्चाची सोय दाखवणारं बँकेचं स्टेटमेंट, पालक खर्च करणार असतील तर त्यांचं पत्र, आरोग्य विमा. मुक्काम लांबचा असेल तर पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही (पीसीसी) मागतात.

या शेवटच्या कागदाबद्दल थोडं जास्त सांगतो. मागच्या वर्षी नाशिकची एक मुलगी फाइल घेऊन आली. सगळं नीट, पंच केलेलं, वर अनुक्रमणिका. पोलिसांचा कागद बघितला तर तो चारित्र्य पडताळणीचा दाखला, आपण इथे नोकरीसाठी काढतो तो. परदेशासाठी हवं असतं पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पीसीसी. ते पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतं, शुल्क ५०० रुपये. पोलिस पडताळणी पुन्हा झाली तर त्यात आठवडे जातात. तिचे गेलेच. तिकीट पुढे ढकलावं लागलं.

संस्थेने पदवीचे कागद ‘अपोस्टील’ करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून, मागितले तर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा २००५ पासून सदस्य आहे, इस्रायलही आहे, त्यामुळे तो शिक्का तिथे चालतो.

वेस्ट बँकमध्ये जायचं असेल तर

रामल्लाजवळच्या बीरझेइट विद्यापीठात किंवा तिकडच्या एखाद्या संस्थेत काम करायचं असेल तर प्रक्रिया वेगळी आहे. जागा पॅलेस्टिनी, पण तिथे शिरायचा ताबा इस्रायली लष्कराकडे. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे वेगळे नियम ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहेत आणि परवाना आधी काढावा लागतो. भारताचं प्रतिनिधी कार्यालय रामल्लात आहे, तिथे नोंद करा. गाझा पट्टीचा विचारच करू नका.

पासपोर्टवरची खूण

तेल अवीवच्या विमानतळावर २०१३ पासून पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, कागदाची छोटी चिठ्ठी देतात. ती जपून ठेवा. पण व्हिसाचं स्टिकर पानावर राहतंच. ते असलं की लेबनॉन, सीरिया, इराणमध्ये प्रवेश मिळत नाही. दुबईला अडचण नाही, अमिरातीचे इस्रायलशी २०२० पासून संबंध आहेत.

परतीची वाट

आता मुख्य गोष्ट. १३ जून २०२५ ला इस्रायल-इराण युद्ध पेटलं आणि तेल अवीवचा बेन गुरियन विमानतळ बंद झाला. हातात परतीचं तिकीट असलेली मुलं अडकली. भारत सरकारच्या ‘ऑपरेशन सिंधू’मध्ये भारतीयांना जमिनीवरून जॉर्डन आणि इजिप्तमध्ये नेलं आणि तिथून विमानाने घरी आणलं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ऑपरेशन अजय’ झालं होतं, त्याचं पहिलं विमान २१२ जणांना घेऊन दिल्लीत उतरलं. दोन्ही वेळी दूतावासाने आधी नोंदणी करायला सांगितलं. यादी त्या नोंदणीवरूनच होते. म्हणून उतरल्याच्या दिवशीच तेल अवीवच्या भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवा. तिथला फोन नंबर बदलला की नोंदही बदला.

कोरी पानं याचसाठी सांगितली, सीमा ओलांडताना शिक्के लागतात. याच कारणासाठी पासपोर्ट संस्थेच्या कार्यालयात ठेवायला देऊ नका. व्हिसा मुदतवाढीसाठी द्यावा लागला तर पोच घ्या आणि रंगीत प्रत जवळ ठेवा. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का, तेही बघा. एकाच प्रवेशाचा असेल तर जॉर्डनमार्गे बाहेर पडल्यावर त्याच व्हिसावर परत जाता येत नाही, आणि अर्धवट प्रयोग तिथेच राहतो.

सही करण्यापूर्वी संस्थेला ईमेलवर चार प्रश्न विचारा. खोलीच्या इमारतीत ‘ममाद’, म्हणजे जाड काँक्रीटची सुरक्षित खोली, आहे का? काम थांबलं तर विद्यावेतन चालू राहील का? मी मधेच परत गेलो तर प्रमाणपत्र मिळेल का? लवकर परतण्याचा खर्च कोण देईल? लेखी उत्तर आलं नाही तर मी त्या मुलाला थांब म्हणतो. ममादची सक्ती १९९१ च्या आखाती युद्धानंतर झाली, त्यामुळे जुन्या, स्वस्त भाड्याच्या घरात ती बहुधा नसते. तिथे जिन्याखाली किंवा रस्त्यापलीकडच्या ‘मिकलात’मध्ये, म्हणजे सार्वजनिक आसऱ्याच्या जागेत, जावं लागतं. गाझाकडून रॉकेट आलं तर रेहोवोतमध्ये भोंग्यानंतर सुमारे दीड मिनिट हातात असतं, बीरशेबात एक मिनिट. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून खोलीपासून तिथपर्यंत चालून बघा. होम फ्रंट कमांड या इस्रायली लष्कराच्या नागरी संरक्षण विभागाचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या.

विमा काढताना दलालाचं ऐकून सोडून देऊ नका, पॉलिसीतला अपवादांचा भाग स्वतः वाचा. प्रवास विम्यात ‘युद्ध व युद्धसदृश परिस्थिती’ बहुतेक वेळा वगळलेली असते. सरकारने प्रवास टाळा अशी सूचना काढलेली असताना गेलात तर दावा फेटाळायला आणखी एक कारण मिळतं. ती सूचना लागू असेल तर कॉलेजने ना-हरकत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक ओळख मात्र जाण्याआधी काढून ठेवा. रायगडच्या गावांतून गेलेले बेने इस्रायली ज्यू लोक दिमोना, लोद, अश्दोदला आहेत, त्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते. अशा एका घरचा नंबर जवळ असला तर भोंग्याच्या रात्री आपल्या भाषेत बोलायला कुणीतरी असतं.

आणि घरी आईबाबांसाठी एक कागद लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर पासपोर्ट क्रमांक, राहण्याचा पत्ता, मार्गदर्शकाचा आणि दूतावासाच्या हेल्पलाइनचा नंबर, विमा पॉलिसीचा क्रमांक. मोठ्या अक्षरात, मराठीत.