जुन्या मोटारसायकलींचे कोनसेट: टेपरच्या वादामागची पार्श्वभूमी

जुनी बुलेट किंवा यझदी उघडली की हँडलच्या बेअरिंगवरून, म्हणजे कोनसेटवरून, वाद ठरलेला. मूळचे सुटे छर्रे पुन्हा भरायचे, की टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचं बेअरिंग, टाकून मोकळं व्हायचं? ऐकणाऱ्याला हे भांडण पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटतं, पण मुंबईच्या गॅरेजांमध्ये ते खऱ्या अर्थानं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं आहे. त्याआधी निवडायला दुसरं काही सहज मिळतच नव्हतं.

कप (बाहेरची खोलगट रिंग), कोन (आतली रिंग) आणि मध्ये सुटे छर्रे ही रचना मोटारसायकलला सायकलकडून मिळाली. 1955 मध्ये मद्रासला बुलेट जुळू लागली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला जावा (पुढची यझदी), तेव्हा दोन्हींच्या मानेत, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिथे, हीच रचना होती. टेपर रोलरचं अमेरिकेतलं पेटंट 1898 चं, म्हणजे टेपर तेव्हाही नवा नव्हता, इथे तो सहज मिळत नव्हता इतकंच.

गोंधळ सुरू होतो तो नावापासून. छर्रे ज्या गुळगुळीत वाटेवरून फिरतात तिला इंग्रजीत रेस म्हणतात. आपल्याकडे त्याचा ‘रेसर’ झाला आणि पुढे ‘बॉलरेसर’. हा एक शब्द आज किमान तीन वस्तूंसाठी वापरला जातो. मिस्त्री ‘बॉलरेसर गेलाय’ म्हणतो तेव्हा त्याला कप, कोन, छर्रे असा अख्खा संच म्हणायचा असतो. काही दुकानांत त्याच नावानं फक्त कप-कोन मिळतात, छर्रे वेगळे मागायचे. आणि मुंबईच्या नागदेवी बाजारात, जिथे गिऱ्हाईक मुख्यतः कारखान्यांचं, तिथे बॉलरेसर म्हणजे नंबराचं बंद बेअरिंग. 6205 मागा, 25 मिमी भोक आणि 52 मिमी बाहेरचा व्यास असलेलं बेअरिंग लगेच हातात पडतं. ते चाकासाठी उत्तम. मानेत मात्र गाडीचा भार आसाच्या दिशेनं येतो, प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच दिशेनं बसतो आणि बेअरिंग पूर्ण गोल कधीच फिरत नाही, म्हणून तिथे ते योग्य नाही. असं बेअरिंग बसावं म्हणून मान लेथवर बोअर केलेल्या, म्हणजे आतून कापून मोठी केलेल्या, दोन चॅसिस मी स्वतः पाहिल्या आहेत. नुसत्या एका शब्दापायी ते नुकसान झालं.

‘कोन’चंही तसंच. टेपर बेअरिंगच्या आतल्या भागालाही कोनच म्हणतात आणि बाहेरच्या रिंगला कप. म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही बरोबर बोलत असतात आणि वस्तू मात्र वेगळी येते.

त्यात मापाची भर. बुलेटचा छर्रा दोन सूत, म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35 मिमी. देशात दशमान पद्धत आली तरी हा छर्रा इंचातच राहिला. ‘सहाचे द्या’ म्हणून 6 मिमीचे छर्रे आणले तर डोळ्यांना फरक कळत नाही. नट कितीही जपून आवळला तरी छर्रे खाचेत नीट बसत नाहीत आणि भार कपाच्या चुकीच्या जागी पडतो. दुकानातून निघण्यापूर्वी एका छऱ्याला व्हर्निअर लावावा. मिनिटाचं काम आहे.

या वादाला खरं वळण मिळालं ते 1990 च्या दशकात. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला आणि यझदीचे कंपनीचे सुटे भाग जुन्या साठ्यापुरते उरले. बुलेटवाल्यांनीही स्वस्त पर्याय धरला. लुधियाना, दिल्लीच्या करोल बागेकडून आलेले कोनसेट सगळीकडे दिसू लागले. दिसायला चकचकीत, पण त्यांतल्या अनेकांना पुरेसं पाणी दिलेलं नसायचं, म्हणजे पोलाद कडक केलेलं नसायचं. एका पावसाळ्यात खालच्या कपातलं ग्रीस धुऊन जायचं, पेव्हर ब्लॉकवरून गाडी आपटायची आणि छर्रे कपात रुतायचे.

गेल्या सप्टेंबरात एका बुलेटचा खालचा कप मी वर्तमानपत्रावर पालथा केला. आधी गंजाळलेलं पाणी आलं, मग चहाच्या चोथ्यासारखं ग्रीस. पुसल्यावर आत गोल रांगेत 19 खड्डे, मोजून जितके छर्रे तितके. नख फिरवलं की प्रत्येकात अडकत होतं. चालवताना हँडल मधोमध येऊन खट्‌कन बसतं आणि गाडी सरळ रेषेत किंचित डुलते, ती यामुळेच.

टेपरची लाट या मऊ कपांनी आणली. रचना वाईट नव्हती, माल वाईट होता, आणि दोष मात्र रचनेच्या माथी मारला गेला. टेपर दणके जास्त सोसतो हे खरंच आहे, कारण रोलर बिंदूवर नव्हे तर रेषेवर टेकतो. पण त्याची उंची वेगळी असते, ती जुळवायला पट्टी घालावी लागते, आणि नट जरा जास्त आवळला गेला तर हँडल जड होऊन गाडी कमी वेगातही झोल खाते. मान न कापता बसणारा टेपर संच मिळाला तर रोज चालणाऱ्या गाडीत तो घालायला माझी हरकत नाही. मान बोअर करायला आहे, कारण कापलेलं लोखंड परत येत नाही.

2021 च्या केंद्रीय नियमांमुळे या हरकतीला कागदोपत्री वजनही आलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चॅसिसमध्ये मोठा फेरबदल झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे टेपरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण, रोजचे खड्डे, या गाड्यांपुरतं तरी उरत नाही.

त्या बुलेटला शेवटी जुन्या साठ्यातले कप-कोन मिळाले. कपावर कानस ओढून पाहिली, ती घसरली, म्हणजे पोलाद कडक होतं. मग वर-खाली मिळून 38 नवे छर्रे भरले आणि पाण्याला टिकणारं ग्रीस चोपडलं.